पाच स्पीकरचे संगीत : घेणाऱ्याने व विकणाऱ्याने काय पाहावे?

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील बाजारपेठांत ‘होम थिएटर’ आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. मात्र पाच स्पीकर आणि एक वूफर घरात आले की उच्च दर्जाचे संगीत आपोआप ऐकू येते, असा अनेकांचा समज असतो. या समजापोटी कष्टाचा पैसा वाया जातो. म्हणून गिऱ्हाईक व दुकानदार या दोघांसाठीही आम्ही ही माहिती देत आहोत.

साध्या सीडीवर आवाज डावा व उजवा अशा दोनच वाटांनी नोंदलेला असतो. सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणली. २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आली. पुढे ब्लू-रे डिस्कवरही असे संगीत येऊ लागले. साध्या सीडीत आवाजाचे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले असते. डीव्हीडी-ऑडिओत ते सहाही वाटांसाठी ९६,००० वेळांपर्यंत घेता येते. गायक समोर आणि सभागृहाचा घुमारा मागे, असा मैफलीचा अनुभव घरी मिळतो.

खरी मेख पुढेच आहे. बहुतेक सुपर ऑडिओ सीडींवर साध्या सीडीचाही थर असतो. त्यामुळे ती साध्या प्लेअरवर वाजते. पण दोनच वाटांनी. काही संच हाच आवाज पाचही स्पीकरवर वाटून देतात आणि गिऱ्हाईकाची फसगत होते. यासाठी प्लेअरवर ‘एसएसीडी’ची खूण आहे की नाही, हे आधी पाहावे. जोडणीही महत्त्वाची आहे. ऑप्टिकल तारेतून या डिस्कचा सहा वाटांचा मूळ आवाज जात नाही. त्यासाठी एचडीएमआय तार किंवा सहा स्वतंत्र तारा लागतात, आणि अ‍ॅम्प्लिफायरलाही तशी सोय हवी.

यंत्राइतकेच महत्त्व खोलीला आहे. स्लॅबचे छत, फरशी व उघड्या भिंती यांमुळे आवाज घुमतो. टाळी वाजवून पाहावी. ती घुमत राहिली तर सतरंजी अंथरावी, जाड पडदे लावावेत. पत्र्याच्या घरात वूफरचा आवाज बेताचाच ठेवावा, नाहीतर गाण्यापेक्षा पत्राच अधिक वाजतो! समोरच्या दोन स्पीकरमध्ये सात फूट अंतर असेल, तर ऐकणाऱ्यानेही प्रत्येकापासून सात फुटांवर बसावे. मधला स्पीकर त्या दोहोंच्या मध्ये, तर मागचे दोन कानांच्या बाजूला, किंचित मागे असावेत. या मांडणीला एक पैसाही जादा लागत नाही.

आमच्या इलेक्ट्रिशियन व रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या तरुणांनी येथेच संधी शोधावी. खोके विकणारे पुष्कळ आहेत. घरी जाऊन अंतर मोजणारा, तारा नीट जोडणारा व प्रत्येक स्पीकरचा आवाज सारखा करून देणारा विरळा. दुकानदारांनीही संचावर कोणत्या डिस्क किती वाटांनी वाजतात, हे बिलावर लिहून द्यावे. त्यामुळे एखादा सौदा हातचा जाईल, पण ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी चार जणांना सोबत घेऊन येईल. लहान गावच्या बाजारात दुकान जाहिरातीवर नव्हे, शब्दावर चालते.