अंग का आंबते?

लांब पल्ल्याची धाव संपवून माणूस हसतमुखाने घरी येतो, जेवतो, गाढ झोपतो. खरी गंमत दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. मांड्या दगडासारख्या झालेल्या असतात आणि कठडा धरल्याशिवाय पुढची पायरी गाठता येत नाही. मराठीत आपण याला 'अंग आंबणे' म्हणतो. आमचे कानडी मित्र 'मैकै नोवु' म्हणतात; त्यात दुखणे आहे, आंबटपणा नाही. या बाबतीत कानडीच अधिक बिनचूक म्हटली पाहिजे.

कारण पळताना स्नायूंत दुग्धाम्ल साचते व त्याने अंग दुखते, ही समजूत अजूनही सर्रास ऐकू येते. वस्तुतः हे आम्ल धाव थांबल्यावर तासा-दोन तासांत निघून जाते. दुखणे मात्र दुसऱ्या दिवशी वाढते आणि तिसऱ्या दिवसापर्यंत मुक्काम ठोकते. निघून गेलेल्या पाहुण्यावर चोरीचा आळ घेण्यातलाच हा प्रकार! थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच, सराव नसलेल्या स्नायूंत बारीक चिरा पडत असाव्यात, असा तर्क मांडला होता. आज तंतूंची सूक्ष्म इजा व त्यानंतरचा दाह हेच मुख्य कारण मानतात.

ही इजा सर्वांत जास्त कशाने होते? उताराने. गोवळकोंड्याच्या बालाहिसारवर चढताना दम लागतो, पण पाय धरतात ते उतरल्यामुळे. चढताना मांडीचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो; उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच भार पेलून ब्रेकचे काम करतो. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर उतारावर माल उधारीने मिळतो, वसुली दोन दिवसांनी होते. ऑगस्टमधील हैदराबाद मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर चढउतारांमुळे व उड्डाणपुलांमुळे अवघड मानले जातात. फक्त हुसेनसागरच्या सपाट काठावर सराव केलेल्यांना ते म्हणूनच जड जातात.

उपाय त्यातच आहे. थोडासा उतार आधी पळून घेतला की स्नायू पुढचे काही आठवडे त्या ताणाला पुष्कळ कमी दुखतात. तेव्हा शर्यतीपूर्वी सरावात उतार हळूहळू वाढवावा, एकदम नव्हे. धावण्याआधी-नंतर स्नायू ताणण्याचे व्यायाम आवडत असतील तर जरूर करावेत. पण २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात त्यांनी होणारा फरक शंभर गुणांच्या मापावर जेमतेम एक ते चार गुणांचा आढळला.

दुखू लागल्यावर मात्र अंथरूण धरू नये. आपल्या तालमीत आंबलेल्या अंगावर पुन्हा थोडे जोर-बैठका मारायला लावतात, त्यात तथ्य आहे. हलक्या हालचालीने तेवढ्यापुरता आराम पडतो. रमतगमत चालावे, पोटभर जेवावे, झोपावे. हलक्या हाताच्या मालिशनेही बरे वाटते. वेदनाशामक गोळ्या घेऊन धावणे मात्र वाईट. घामाने पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडाला बाधू शकतात.

दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर चार-पाच दिवसांत आपोआप उतरते. एकाच जागी, धावतानाच कळ आली असेल तर ती दुखापत समजावी. आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होऊ लागली, तर स्नायू फार मोडून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरली असण्याचा संभव असतो. तेव्हा तेल-हळद बाजूला ठेवून त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, इस्पितळ गाठावे.