भर उन्हात मांजरीचे डोळे काळे दिसू लागले तर…

ज्वारी, हरभरा घरात आला की शेतकऱ्याच्या घरी मांजरीचा मान वाढतो. एरवी पायाने बाजूला लोटणारी माणसेही सुगीनंतर तिच्यापुढे दुधाची वाटी सरकवतात. पोत्याला भोके पाडणाऱ्या उंदरांवर औषधापेक्षा तिचाच भरवसा जास्त. मात्र गाय-म्हैस आजारी पडली की डॉक्टरांना निरोप जातो. मांजरीसाठी तो कोणी पाठवत नाही.

आमच्या शेजारच्या वस्तीवर एक आजी आहेत. गेल्या चैत्रात एका सकाळी त्या रस्त्यावर येऊन मला म्हणाल्या, "बाबा, जरा इकडं ये. आमच्या मनीला दिसंना झालंय." मनी म्हणजे तीन वर्षांची करडी मांजर. ओट्यावर बसली होती. ऊन चांगले वर आले होते, तरी तिच्या दोन्ही डोळ्यांतल्या बाहुल्या रात्रीसारख्या मोठ्या, गोल, काळ्याभोर. हिरव्या रंगाची नुसती कड उरलेली. आजींनी हाक मारली तशी कान टवकारून उठली आणि दाराच्या चौकटीवर जाऊन आपटली.

भोवती माणसे जमली. कोणी म्हणाले, "नजर लागली, मीठ-मिरची उतरून टाका." कोणी म्हणाले, "बाहेरचं हाय काहीतरी." दोघातिघांचे मत पडले की शेजारच्या कपाशीवर फवारलेले औषध तिच्या तोंडात गेले असणार. चैत्रात कपाशी कुठली, हे कोणी विचारले नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मांजर टेबलावर घेतली आणि डोळ्यापुढे बॅटरी धरली. निरोगी मांजरीची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी बारीक होते आणि अंधारात पसरते. मनीच्या बाहुल्या उजेडाने जागच्या हलल्या नाहीत. विषाचे बोलणे निघताच डॉक्टर म्हणाले, "फवारणीचं विष असतं तर उलटं दिसलं असतं."

ते कसे, हे प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेण्याजोगे आहे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके पोटात गेली किंवा अंगावरून चाटली गेली, तर बाहुली बहुधा टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. सोबत तोंडातून लाळ गळते, अंग थरथरते, जुलाब होतात, धाप लागते. त्यावर ॲट्रोपिनचे इंजेक्शन हा उतारा आहे, पण तो तासाभराच्या हिशेबात मिळायला हवा. मनीला यातले काहीच नव्हते. ती खात होती, पीत होती, फक्त दिसत नव्हते.

मग डॉक्टरांनी विचारले, "गेल्या आठवड्यात हिला काय काय औषध दिलं?" आजी गप्प. शेवटी नातवाने सांगितले. बोक्याशी भांडण होऊन मनीच्या पाठीवर जखम झाली होती, ती चिघळली. घरामागे कोंबड्यांची शेड आहे, तिथे एन्रोफ्लॉक्सासिनची बाटली होती. "कोंबड्यास्नी चालतं, वासरालाबी चाललं, म्हणून हिला दिलं." सिरिंजने एक मिली सकाळी, एक मिली संध्याकाळी, चार दिवस. जखम सुकली. पाचव्या दिवशी मांजर आंधळी झाली.

हिशेब करून पाहू. पोल्ट्रीसाठी मिळणारे द्रावण दहा टक्क्यांचे असते, म्हणजे एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध. दिवसाला दोन मिली म्हणजे २०० मिलिग्रॅम. मांजरीसाठी या औषधाची मर्यादा आहे किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅम. मनीचे वजन तीन किलो भरले, म्हणजे फार तर १५ मिलिग्रॅम. नातवाने तेरा पटीहून जास्त औषध दिले होते. पोराचा हेतू चांगलाच होता. पण बाटलीवर कोंबडीचे चित्र असताना मांजरीचा डोस त्याला सांगणार कोण?

हे औषध इतर जनावरांना चालते आणि मांजरीलाच का बाधते, यालाही कारण आहे. डोळ्याच्या आतल्या बाजूला जो पडदा प्रकाश टिपतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. असली औषधे तिथे साचू नयेत म्हणून शरीरात एक राखण असते. मांजरीत ती जन्मतः कमजोर आहे. औषध साचते, त्यावर उजेड पडतो आणि पटलाच्या पेशी जळतात. अमेरिकेतल्या पशुनेत्रतज्ज्ञांनी २००१ साली अशा १७ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. लक्षणे हीच होती, बाहुल्या पसरलेल्या आणि अचानक आलेले अंधत्व. लवकर लक्षात येऊन औषध थांबवले तर काहींना थोडेफार दिसू लागते. बहुतेकांची नजर गेली ती गेलीच.

म्हातारी मांजर आणि एकच डोळा

दहा-बारा वर्षांच्या मांजरीच्या बाहुल्या अशाच अचानक पसरल्या तर कारण वेगळे असू शकते. माणसासारखा मांजरीलाही रक्तदाब असतो. मूत्रपिंड बिघडले किंवा गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाढली की रक्तदाब चढतो, डोळ्यात रक्त उतरते, दृष्टिपटल सुटते. अशी मांजर पाणी खूप पिते, लघवी वारंवार करते, वजन उतरते. एक-दोन दिवसांत उपचार सुरू झाले तर नजर परत येण्याची आशा असते. म्हणून "म्हातारी झाली, व्हायचंच" म्हणून सोडून देऊ नये.

काही वेळा नजर हळूहळू जाते आणि घरच्यांना मात्र ती एका दिवसात गेल्यासारखी वाटते. मांजर घराचा नकाशा मिशांनी आणि सवयीने पाठ करते. दिवाळीच्या साफसफाईत कणगी इकडची तिकडे झाली की ती आपटू लागते आणि मग आपले लक्ष जाते. दूध-पोळीवरच वाढवलेल्या, बाहेर न सोडलेल्या मांजरीत हे होऊ शकते. तिला टॉरिन नावाचे द्रव्य मांस-मासळीतूनच मिळते. ते नसले की दृष्टिपटल झिजते, हे १९७५ सालापासून माहीत आहे. उंदीर खाणाऱ्या मांजरीला ही भीती नाही.

एकाच डोळ्यात बदल असेल तर आधी मार, ओरखडा किंवा कुसळ यांचा संशय घ्यावा. डोळा मिटून धरणे, पाणी गळणे, बुबुळावर निळसर-पांढरी झाक येणे ही त्याची खूण. आपल्याकडे अशा वेळी हळद, मध, तुरटीचे पाणी, काहीही घालतात. बैलाच्या डोळ्यात तंबाखूची पिंक टाकणारेही महाभाग आहेत. त्याहून घातक म्हणजे घरात कुणाचे तरी उरलेले डोळ्याचे थेंब. त्यात स्टेरॉइड असेल आणि आत जखम असेल तर डोळा फुटण्यापर्यंत मजल जाते. उकळून गार केलेल्या स्वच्छ पाण्याने भोवतालची घाण पुसावी आणि दवाखाना गाठावा, एवढेच आपल्या हातात आहे. एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसत असेल, तर डोक्याला मार बसला आहे का तेही पाहावे. मोटारसायकलचा धक्का लागून मांजर घरी आलेली असते आणि आपल्याला पत्ताही नसतो.

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा दोन्ही बाजूंनी अर्धा वर आलेला असेल, तर बऱ्याचदा डोळ्यात दोष नसतो. जंत, जुलाब, अंगातले पाणी कमी होणे, असे पोटाचे दुखणे असते. डोळ्यात रक्त उतरले असेल आणि घरात ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकल्या असतील, तर मेलेले उंदीर तिने खाल्ले का ते आठवावे. या विषाने रक्त गोठत नाही आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो. के-१ जीवनसत्त्व हा त्यावर उतारा आहे. वडीचे वेष्टन डॉक्टरांना दाखवले की निम्मे काम होते. गोचिडासाठी जनावरांच्या अंगाला लावायची डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारखी औषधे मांजरीला लावूच नयेत. तिच्या शरीराला ती पचत नाहीत. बाहुल्या पसरतात, झटके येतात. तापावर माणसाची पॅरासिटामॉलची गोळी देणे तर तिचा जीव घेणेच आहे.

चावली, ओरबाडले तर

एक गोष्ट ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आशाताईंनी ध्यानात ठेवावी. बाहुल्या पसरलेल्या आहेत आणि मांजर एकाएकी अंगावर येते, आवाज बदलला आहे, लाळ गळते, चालताना झोकांड्या जातात, असे असेल तर ते डोळ्याचे दुखणे समजू नये. रेबीज कुत्र्याप्रमाणे मांजरीकडूनही होतो. अशा मांजरीला हात लावू नये. चावली किंवा नखाने ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. "मांजरच तर हाय" म्हणून घरी बसू नये. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही.

मनीची नजर परत आली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवले, तेव्हाही बाहुल्या तशाच होत्या. आजींनी मग घरातली एकही वस्तू जागची हलवायची नाही असा दंडक घातला. कणगी आहे तिथे, दुधाची वाटी चुलीच्या डाव्या अंगाला, बाज भिंतीशी. परवा गेलो होतो. मनी कान फिरवत कणगीपाशी बसली होती. "उंदीर धरती का?" मी विचारले. आजी म्हणाल्या, "धरती की. पर आधी आवाज यावा लागतोय."

नातवाने पोल्ट्रीची बाटली शेडमधल्या पेटीत कुलपात ठेवली आहे.