घरचा ग्रॅनोला

१८६३मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डान्सव्हिलच्या आरोग्यधामात डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी केलेला ‘ग्रॅन्यूला’ इतका टणक होता, की तो रात्रभर भिजत घालावा लागे. आजचा घरचा ग्रॅनोला त्यापेक्षा कितीतरी सोपा.

तीन वाट्या जाड रोल्ड ओट्स, वाटीभर बदाम-अक्रोडाचे तुकडे, मूठभर भोपळ्याच्या बिया आणि चिमूटभर मीठ एकत्र करा. मीठ वगळू नका, त्यानेच गोडी खुलते. पाव वाटी तेल आणि तेवढाच मध कोमट करून चोळा. मधाऐवजी काकवी घेतली तर चव अधिक खमंग होते. मला तीच आवडते.

ट्रेमध्ये पातळ पसरून १५० अंश सेल्सिअसवर साधारण अर्धा तास भाजा, मध्ये एकदा हलवा. कडा बदामी झाल्या की लगेच काढा. तेव्हा तो मऊच लागतो आणि नेमके इथेच अनेकजण ट्रे पुन्हा आत सारून सगळे करपवतात. कुरकुरीतपणा गार होताना येतो. गठ्ठे हवे असतील तर गरम असतानाच उलथन्याने दाबून ठेवा आणि पूर्ण निवेपर्यंत हलवू नका. बेदाणे-खजूर नंतरच मिसळा, ओव्हनमध्ये ते चिवट होतात. घट्ट झाकणाच्या बरणीत दोनेक आठवडे टिकतो. पावसाळ्यात मात्र थोडाथोडाच करावा.