नोटिशीचे तीस दिवस आणि वैद्याची सही

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम १५७ प्रमाणे आयुर्वेदीय औषधांचे उत्पादन अर्हताप्राप्त व पूर्णवेळ अशा किमान एका तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली व्हावे लागते. लहान फार्मसीत ही व्यक्ती बहुधा एकच असते, आणि ती बहुधा आपल्यापैकीच कोणी बी.ए.एम.एस. वैद्य असते. त्यामुळे असा वैद्य राजीनामा देतो तेव्हा मालकास आपला परवानाच डळमळल्यासारखा वाटतो. कालपर्यंत ‘वैद्यराज’ म्हणणारे शेठजी आज अरेतुरेवर येतात, याचे मूळ पुष्कळदा या भीतीत असते. ‘आवळ्याचा हंगाम आटोपू द्या, मग बघू’ हे उत्तर तर ठरलेलेच.

मालकाचा त्रागा महिनाभर सोसता येतो. आम्हांस खरा धोका दिसतो तो त्या महिन्यात मागितल्या जाणाऱ्या सह्यांमध्ये.

आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका वैद्यभगिनीचे उदाहरण बोलके आहे. सहा वर्षांच्या नोकरीनंतर त्यांनी नेमणूकपत्रातील अटीनुसार तीस दिवसांची नोटीस दिली. मालकांनी पत्र हाती घेण्यास नकार दिला. त्यांनी ते त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवली. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यापुढे कोऱ्या बॅच रेकॉर्डचा गठ्ठा आला. ‘नवा माणूस मिळेपर्यंत काम अडायला नको, खाली सह्या करून ठेवा, मग तुमचे पदवी प्रमाणपत्र घेऊन जा,’ असा निरोप होता. रुजू होताना मूळ प्रमाणपत्र कार्यालयात जमा करून घेण्याची वाईट प्रथा तेथे होती. त्यांनी सही केली नाही. घडलेला प्रकार तारखेसह लिहून मालकांनाच पत्राने कळविला. प्रमाणपत्र हाती यायला पुढे दोन महिने आणि वकिलाचे एक पत्र लागले.

दोन महिने अडचणीचे गेले, हे खरे. पण त्या कोऱ्या सह्यांचा अर्थ काय झाला असता, हे निर्मितीशास्त्र जाणणाऱ्यास सांगावयास नको. दशमूलारिष्टाचे संधान आज घातले तर ते सिद्ध होण्यास सुमारे महिना लागतो. गाळून, भरून, लेबल लागून बाटली बाहेर पडेपर्यंत वैद्य दुसऱ्या गावी रुजू झालेला असतो. अन्न व औषध प्रशासनाने उचललेला नमुना अप्रमाणित ठरला, तर निरीक्षक कागदावरचे नाव वाचणार. अनुसूची ‘टी’ने बॅचची नोंद अनिवार्य केली आहे ती कोणाच्या देखरेखीत काय घडले हे कळावे म्हणून. न पाहिलेल्या पाकावर सही करणारा वैद्य स्वतःबरोबर रुग्णालाही फसवितो. मूळ प्रमाणपत्र ओलीस धरण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने मालकास दिलेला नाही, तेव्हा हा सौदा मुळातच मान्य करू नये.

कार्यभार सोपविण्यात मात्र वैद्याने कुचराई करू नये. अपथ्य एकदम न सोडता पादापादाने सोडावे, असा क्रम चरकाचार्यांनी सांगितला आहे. तो नोकरीला लावल्याबद्दल वाचक क्षमा करतील. पहिल्या आठवड्यात कच्च्या द्रव्यांचा साठा मोजून द्यावा. मग अर्धवट कामे: कोणत्या पिंपात संधान कोणत्या तारखेस घातले, धायटीची फुले किती पडली; अभ्रकभस्माची किती पुटे झाली, किती राहिली. पुटांची संख्या केवळ वैद्याच्या डोक्यात असेल तर मागून येणाऱ्याने काय करावे? वत्सनाभ, कुचला, जयपाल अशा अनुसूची ‘ई-१’ मधील द्रव्यांच्या कपाटाची किल्ली वजने पडताळून, लेखी पोच घेऊनच द्यावी. मालक सही करीत नसतील तर यादी ई-मेलने पाठवावी. वाद घालण्यापेक्षा तारीखवार कागद अधिक उपयोगी पडतो.

राजीनामा मालकांनी ‘मंजूर’ करीपर्यंत जाता येत नाही, हा समज खाजगी नोकरीत चुकीचा आहे. इच्छेविरुद्ध कोणासही कामावर जुंपून ठेवता येत नाही. नोटीस अपुरी असेल तर करारानुसार तेवढ्या दिवसांच्या वेतनाची मागणी होऊ शकते, इतकेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावयाचे आहे. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाच वर्षांची सलग सेवा झाली असेल तर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतके उपदान तीस दिवसांत द्यावे लागते. वरील वैद्यभगिनीस हे ठाऊकच नव्हते!

‘पंचवीस किलोमीटरच्या आत दवाखाना काढणार नाही, दुसऱ्या फार्मसीत जाणार नाही,’ अशी अटही पुष्कळदा दाखविली जाते. नोकरी सुटल्यानंतरचे असे बंधन भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे टिकत नाही. गुपित राखण्याचे बंधन वेगळे. ते पाळलेच पाहिजे. त्रिफळा गुग्गुळ ग्रंथोक्त आहे, तो कोणाच्या मालकीचा नाही. परंतु मालकाने स्वखर्चाने सिद्ध केलेल्या प्रोप्रायटरी योगाची प्रक्रिया नव्या ठिकाणी सांगणे हे सरळसरळ अप्रामाणिकपणाचे होय.

औषधनिर्मात्या बंधूंनाही एक विनंती. तुमची अडचण आम्ही जाणतो; चांगला रसशास्त्रज्ञ जाहिरात देऊन आठवड्यात मिळत नाही. पण जाणाऱ्याला कोंडण्यात घालविलेले तीस दिवस येणाऱ्याला त्याच्याकडून शिकवून घेण्यात घालविता आले असते. दुसरा अर्हताप्राप्त सहायक आधीपासून ठेवणे परवडत असेल तर अवश्य ठेवावा. नसेल, तर जागा भरेपर्यंत उत्पादन थांबविणे हाच नियमास धरून मार्ग आहे, मग हंगाम आवळ्याचा का असेना.

शेवटच्या दिवशी वैद्याने आणखी एक पत्र लिहावे, ते परवाना प्राधिकाऱ्यास: अमुक तारखेपासून या संस्थेच्या उत्पादनाचे पर्यवेक्षण आपल्याकडे नाही. सोबत राजीनाम्याची प्रत जोडावी आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.