दंतक्षय आणि वनस्पतिज द्रव्ये

दात किडला म्हणजे दाताला कीड लागली, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात दात पोखरणारी अळी अस्तित्वात नाही. दंतक्षय हे तोंडातील जिवाणूंनी निर्माण केलेल्या आम्लाचे कार्य होय. ही उपपत्ती विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैज्ञानिकांनी १८९० मध्ये मांडली. पुढे १९२४ मध्ये इंग्लंडमधील क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ हा जिवाणू वेगळा केला. दंतक्षयास कारणीभूत होणाऱ्या जिवाणूंत तो प्रमुख मानला जातो.

दात कसा किडतो ?

हा जिवाणू साखरेचा दुहेरी उपयोग करतो. एका विकराच्या साहाय्याने तो साखरेपासून ग्लुकान हा चिकट पदार्थ बनवितो व त्यायोगे दातावर किटणाचा थर जमतो. उरलेल्या साखरेचे तो लॅक्टिक आम्लात रूपांतर करतो. थराखालील सामू सुमारे ५.५ च्या खाली उतरला, की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. लाळेमुळे ही हानी काही अंशी भरून निघते. परंतु वारंवार गोड खाणाऱ्या मुलांच्या बाबतीत लाळेला तेवढा अवसरच मिळत नाही.

वनस्पतींतील द्रव्ये

कडुनिंब, बाभूळ, खैर यांच्या काड्यांनी दात घासण्याची प्रथा आपल्याकडे पूर्वापार आहे. काडी चावल्याने तिचा कुंचला होतो आणि थर घासून निघतो, हा तिचा पहिला लाभ. दुसरा लाभ रासायनिक आहे. कडुनिंबाच्या काडीच्या अर्कामुळे जिवाणूंची पृष्ठभागास चिकटण्याची शक्ती कमी होते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. बाभूळ व खैर यांतील तुरट टॅनिन द्रव्ये जिवाणूंच्या प्रथिनांशी बद्ध होतात. अरब देशांत वापरल्या जाणाऱ्या पीलूच्या मुळांत बेंझिल आयसोथायोसायनेट हे जिवाणुनाशक द्रव्य असते. हिरव्या चहातील कॅटेचिन द्रव्ये ग्लुकान बनविणाऱ्या विकरासच अटकाव करतात. लवंगेतील युजेनॉल जिवाणूंच्या आवरणास इजा पोहोचविते, शिवाय वेदनाही शमविते. म्हणूनच जस्ताच्या भस्माबरोबर त्याचा उपयोग दंतवैद्य दीर्घकाळ करीत आले आहेत.

मर्यादा

तथापि काचपात्रातील यश आणि तोंडातील यश यांत मोठे अंतर आहे. किटणाच्या थरात दडलेले जिवाणू सुट्या जिवाणूंपेक्षा कितीतरी चिवट असतात आणि लाळेमुळे औषधी द्रव्य अल्पावधीतच धुऊन जाते. एकाच जातीच्या झाडांतही द्रव्याचे प्रमाण जमीन, ऋतू व साठवण यांनुसार बदलते. त्यातच पडलेली पोकळी कोणत्याही अर्काने भरून येत नाही. लवंगतेलाने ठणका थांबला म्हणून रोग बरा झाला असे मानणे घातक आहे; वेदना थांबली तरी क्षय चालूच राहतो आणि अखेर दात काढावा लागतो. शुद्ध लवंगतेलाने हिरड्या भाजतात, म्हणून ते लहान मुलांना लावू नये.

मशेरीचा धोका

वनस्पतीपासून लाभलेले सारेच हितकर नसते. भाजलेल्या तंबाखूची मशेरी ही त्याची ठळक साक्ष होय. दात घासण्याच्या निमित्ताने ती हाती घेणाऱ्या अनेक ग्रामीण स्त्रियांना तंबाखूचे व्यसन जडते आणि मुखकर्करोगाचा धोका वाढतो. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली. परंतु घरोघरी भाजल्या जाणाऱ्या मशेरीला आळा घालण्यास लोकशिक्षणाखेरीज उपाय नाही.

गावपातळीवरील कर्तव्य

सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे, दोन जेवणांमध्ये गोड खाणे टाळणे आणि दुखण्याची वाट न पाहता तपासणी करून घेणे, ही दंतरक्षणाची त्रिसूत्री आहे. दातवण वापरणाऱ्यांनी ते सोडण्याचे कारण नाही. मात्र तेवढ्यावर विसंबू नये. शिक्षकांनी शाळेत हे धडे द्यावेत आणि ग्रामपंचायत सदस्यांनी आरोग्य केंद्राच्या साहाय्याने तपासणी शिबिरे भरवावीत. परंपरेतील गुण आणि विज्ञानाची कसोटी यांची अशी सांगड घातली गेली, तर पुढील पिढीचे दात वेळीच वाचतील.