पिकाच्या पेशींतील सूक्ष्म कण व त्यांचें कार्य

मृगांत पऱ्हे टाकले, रोपें चार बोटें वर आलीं, आणि आर्द्रा कोरडी गेली, हा अनुभव आम्हां भंडारा जिल्ह्यांतील धान पिकविणाऱ्यांस नवा नाहीं. दुपारीं पानें सुरळीसारखीं गुंडाळतात, रंग उतरतो, आणि पाहणारास वाटतें कीं, यांत आतां जीव राहिला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं चिखला येथें माझ्या शेतांत असेंच झालें. मीं घाई केली. अर्धे पऱ्हे मोडून तेथें दुसरें बियाणें टाकलें. उरलेला अर्धा भाग मजूर न मिळाल्यामुळें तसाच राहिला. चौथे दिवशीं पाऊस आला, आणि मीं सोडून दिलेला तो भागच हिरवा होऊन आधीं रोवणीस आला. बियाणें गेलें, दिवसही गेले. वाळल्यासारखें दिसणारें रोप त्या दिवसांत आंत काय करीत असतें, हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मनांत होता. त्याचें बरेंच उत्तर शास्त्रज्ञांनीं शोधून काढिलें आहे, तें वाचकांपुढें मांडतों.

रोपाचें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें असतें. पेशींत केंद्रक म्हणून एक भाग आहे. माझें आयुष्य महसुली कचेरींत गेलें असल्यामुळें मला तो रेकॉर्ड रूमसारखा वाटतो. पिकाच्या सर्व गुणधर्मांची मूळ मिसल, म्हणजे डी. एन. ए., तेथें असते. ती मिसल बाहेर जात नाहीं. लागेल त्या कलमाची नक्कल तेवढी बाहेर जाते. या नकलेस आर. एन. ए. म्हणतात. बाहेर पेशीद्रव्यांत रायबोसोम नांवाचे कण असतात. ते नक्कल वाचून तीबरहुकूम प्रथिन तयार करितात. हे कण स्वतःही आर. एन. ए. व प्रथिनें यांचेच घडलेले आहेत. ते इतके लहान कीं, एका मिलिमीटरांत सुमारें 40,000 एका ओळींत बसतील. जॉर्ज पॅलेड यांनीं 1955 सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांची बारीक रचना उलगडणाऱ्या तिघांस 2009 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांपैकीं वेंकटरामन रामकृष्णन हे चिदंबरम येथें जन्मलेले व बडोद्यास शिकलेले आहेत.

आतां उन्हाची गोष्ट. जर्मनींतील हाले येथें लुट्झ नोव्हर व त्यांचे सहकारी यांनीं 1980 नंतरच्या दशकांत टोमॅटोच्या पेशी तापवून पाहिल्या. ताप वाढतांच पेशीद्रव्यांत नवे कणसमूह दिसूं लागले. प्रथम असा समज झाला कीं, नकला याच समूहांत ठेविल्या जातात. पुढें 2008 सालीं असें दिसून आलें कीं, तापानें होणारे प्रथिनांचे समूह वेगळे, आणि नकला सांभाळणारे समूह वेगळे. या दुसऱ्यांस ताणकण म्हणूं.

ताण येतांच बहुतेक नकलांचें वाचन थांबतें. मोकळ्या पडलेल्या नकलांस कांहीं विशिष्ट प्रथिनें चिकटतात, तीं एकमेकांस धरतात, आणि कांहीं मिनिटांतच बस्ता बांधला जातो. या बस्त्यास वरून फडकें नसतें, म्हणजे त्याभोंवतीं कोणतेंही आवरण नाहीं. पाण्यांत तेलाचा थेंब जसा वेगळा राहतो तसा तो राहतो. महापूर आला म्हणजे कचेरींत इतर मिसली बांधून ठेवितात व मदतवाटपाचे कागद तेवढे टेबलावर राहतात. पेशीही तसेंच करिते. तापापासून रक्षण करणाऱ्या प्रथिनांच्या नकला वाचल्या जात राहतात, बाकीच्या बांधल्या जातात. ताप उतरला कीं कांहीं तासांत बस्ते सुटतात. मोहरीच्या कुळांतील अ‍ॅराबिडॉप्सिस या लहानशा रोपावर झालेल्या व 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, रायबोसोम बांधण्यास लागणाऱ्या प्रथिनांच्या नकलाच अशा बस्त्यांत जपून ठेविल्या जातात, आणि एक रक्षक प्रथिन त्या पुन्हां मोकळ्या करण्यास मदत करितें. कारखाना पुन्हां चालू करावयाचा तर आधीं यंत्रें हवींत, हें पेशीस कोणीं शिकविलें न कळे!

निकामी नकला मोडण्याचे कण निराळे आहेत. शेठ व पार्कर यांनीं 2003 सालीं यीस्टमध्यें दाखविलें कीं, नकला मोडण्याचें काम अशा कणांत होतें. पण तेथें गेलेल्या कांहीं नकला परत कामावर येतात, हेंही दोन वर्षांनीं दिसून आलें. आमच्या कचेरींत रद्दींत गेलेला कागद परत आल्याचें मला स्मरत नाहीं.

धानांतही हे कण आहेत. जपानी शास्त्रज्ञांनीं 2013 सालीं, या कणांत जाऊन बसणारें एक प्रथिन धानांत वाढविलें, तेव्हां तीं रोपें कोरड व खार अधिक सहन करूं लागलीं.

माझे पऱ्हे केवळ या बस्त्यांमुळें वांचले असें मी म्हणत नाहीं. मुळांची खोली, जमिनीचा ओलावा, सर्वांचाच त्यांत वांटा असतो. शिवाय बस्ता बांधला म्हणून रोपास अन्न मिळत नाहीं. तें सांठ्यावर जगतें, आणि सांठा संपला कीं मरतें. फुलोऱ्याच्या वेळीं तर ऊन 35 अंशांवर गेलें तर दाणे पोचट राहतात, तेथें ही तजवीज पुरी पडत नाहीं. पऱ्ह्यांची गोष्ट वेगळी. ज्या रोपानें काम बंद केलें आहे त्यास कोरड्यांत युरिया घालून जागें करण्यांत अर्थ नाहीं. बोडींत पाणी असेल तर सायंकाळीं हलकें द्यावें. मोडण्यापूर्वीं वाफ्याच्या चार ठिकाणचीं रोपें उपटून बुडखा चिरून पाहावा. आंत हिरवट ओलसर असून मुळें पांढरीं असतील तर थांबावें. बुडखा तपकिरी व मुळें काळीं झालीं असतील तरच बियाण्याच्या पोत्यास हात घालावा. गेल्या कोरडींत मीं असें पाहिलें, आणि वाफे तसेच राखले.