ओवी, अभंग आणि घरोबा : नारायण वामन टिळकांची ख्रिस्तसेवा

आपली श्रद्धा दुसऱ्यापर्यंत कशी पोहोचवावी, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजात जितक्या तळमळीने रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी विचारला, तितक्या तळमळीने तो क्वचितच कोणी विचारला असेल. त्याआधी सुमारे तीनशे वर्षे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइट धर्मगुरूंनी बायबलमधील कथा ओवीछंदात गुंफून १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले होते. परक्या देशातून आलेल्या माणसाने मराठीवर केलेले हे प्रेम आजही थक्क करते; मात्र टिळकांना मराठी बाहेरून शिकावी लागली नव्हती. कोकणातील ब्राह्मण घराण्यात जन्मलेल्या आणि वारकरी संतांच्या वाणीवर वाढलेल्या या कवीने १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार, घेतला, तरी तुकोबांना सोडले नाही; उलट तुकोबांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत.

त्यांच्या या वाटचालीची सुरुवात आगगाडीच्या डब्यातील एका संभाषणातून झाली. राजनांदगावकडे जाताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी काव्य आणि धर्म यांविषयी आदराने चर्चा केली व उतरताना ‘नवा करार’ हा ग्रंथ त्यांच्या हाती दिला. पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना टिळकांनी अभंग, पदे आणि कीर्तन, म्हणजे गायन व निरूपण यांच्या संगमातून सांगितलेली कथा, यांना उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. परदेशी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या अंतःकरणाला पुरेशी भिडत नाहीत, हे त्यांनी अचूक ओळखले होते, आणि त्यांची कितीतरी गीते ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.

परंतु गीतांपेक्षाही त्यांचे घर अधिक बोलके होते. पतीच्या धर्मांतराने उन्मळून पडलेल्या लक्ष्मीबाई काही वर्षांच्या ताटातुटीनंतर परतल्या, तेव्हा आपले सोवळे-ओवळे सांभाळूनच त्या राहू लागल्या. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जातिभेद मानवनिर्मित आहे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही सारी घालमेल ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी विलक्षण प्रांजळपणे सांगितली आहे. याच घरात बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्यावरच्या मायेत काही उणे आले नाही. श्रद्धा सांगण्याच्या या पद्धतीची खरी कसोटी इथेच लागते, कारण समोरचा माणूस आपला धर्म स्वीकारील एवढ्याच आशेवर बांधलेली मैत्री त्या माणसाचा अपमान करते आणि ज्या प्रेमाची साक्ष द्यायची त्यालाही खोटे पाडते.

मिशनकडून मिळणारा पगार आणि पाश्चात्त्य राहणी यांमुळे ख्रिस्ती माणूस स्वतःच्या देशात परका ठरतो, ही खंत टिळकांना अखेरपर्यंत होती. म्हणून १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबरच न घेतलेल्या, पण ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांनाही स्थान होते. चर्चच्या रूढ चौकटीत हे सहज बसणारे नव्हते, कारण सभासदत्वाची सीमारेषाच त्याने पुसट केली होती. तरीही ज्याला कुटुंब आणि जात तोडावी लागण्याचे भय आहे, अशा साधकासाठी दार उघडे ठेवण्याचे धैर्य त्यात होते. दोनच वर्षांनी टिळक निवर्तले आणि ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. ते पूर्ण करण्याचे काम शाळेची पायरीही न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले, आणि उरलेले बहुतेक सर्व अध्याय त्यांनीच रचले.